चित्राच्या पाठीवर काय लिहिलंय?

गेल्या दसऱ्याआधी बेळगावच्या शहापुरात मावशीच्या घरी रंगकाम निघालं. माजघरातल्या भिंतीवरून आजोबांचं मोठं तैलचित्र खाली उतरवलं, तेव्हा ते पहिल्यांदाच मी हातात घेऊन जवळून पाहिलं. पागोट्याच्या घडीवर पडलेला उजेड दोनतीन फटकाऱ्यांत असा पकडलाय, की काढणाऱ्याचा हात तयारीचा होता हे शाळकरी पोरालाही कळावं. उजव्या कोपऱ्यात सही होती. पण वर्षानुवर्षांच्या धुरानं आणि कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसल्यामुळे पहिल्या अक्षरावरची वेलांटी तेवढी उरलेली. चित्र पालथं घालून पाठ बघितली. गंजके खिळे, कोळ्याचं जाळं आणि फ्रेम करणाऱ्या दुकानाची अर्धी फाटकी चिठ्ठी. चित्रकाराचं नाव नाही, साल नाही.

मावशी म्हणाली, "हायस्कुलातल्या ड्रॉइंगच्या सरांनी काढलंय की ते." मामा म्हणाले, "सरांनी नव्हे, सरांच्या एका विद्यार्थ्यानं." शेजारच्या काकूंना आठवत होतं की कोल्हापूरहून एक जण आला होता, महिनाभर राहिला आणि काढून गेला. तिघंही अगदी खात्रीनं सांगत होते.

हे कुणी काढलं, केव्हा काढलं, कुणासाठी काढलं, आणि तुला हे कशावरून माहीत? कलेचा इतिहास म्हटलं की जाडजूड ग्रंथ डोळ्यांपुढे येतात, पण त्याचा पाया या चार प्रश्नांचा आहे. पहिल्या तिन्हींची उत्तरं आपल्या घराघरांत भरपूर असतात. चौथ्या प्रश्नाला घर गप्प होतं.

मी शाळेत चित्रकला शिकवते. गेली काही वर्षं, शाळा सुटल्यावर, इंटरनेटवर अनेकांनी मिळून लिहायच्या ज्ञानकोशांत आपल्या भागातल्या कलेविषयी जमेल तेवढं लिहिते. "तिथे कुणीही काहीही लिहितं, मग खरं कसं मानायचं?" असं मला सारखं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कागद चार गावांत

आधी आपल्याकडची अडचण. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. चित्रकला मन लावून शिकायची तर नजर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे जायची. ती शाळा १८५७ सालची. राज्य पुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्या राज्याचं १९७३ मध्ये कर्नाटक झालं. तोवर १९६४ मध्ये कर्नाटकाची ललित कला अकादमी उभी राहिली होती आणि तिचं केंद्र बेंगळुरूला. त्या काळात उमेदीत असलेल्या एखाद्या चित्रकाराचा विचार करा. त्याच्या शिक्षणाची नोंद मुंबईत, तरुणपणीच्या प्रदर्शनांचे कागद कोल्हापूर-पुण्यात, नंतरच्या गौरवाची बातमी धारवाड-हुबळीच्या कन्नड वर्तमानपत्रात, आणि चित्रं मात्र शहापूर, टिळकवाडी, निपाणी, खानापूरच्या घरांत. महाराष्ट्राच्या कलेचा इतिहास लिहायला बसलेल्याला तो नकाशाच्या खालच्या कडेला दिसतो, कर्नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्याला वरच्या. कुणी मुद्दाम वगळलं असं मी म्हणत नाही. पण कडेला असलेली वस्तू सगळ्यात आधी खाली पडते.

मोठी नावं तगून राहतात. चित्रकार रवी परांजपे १९३५ साली बेळगावात जन्मले, पुढे पुण्याचे झाले, २०२२ मध्ये गेले. त्यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. त्यांचे गुरू के. बी. कुलकर्णी यांचं नाव टिळकवाडीत वरेरकर नाट्यसंघाच्या कलादालनाला आहे, त्यामुळे ते निदान बेळगावकरांच्या तोंडी तरी राहतं. पण गुरू आणि शिष्य या दोन टोकांच्या मधे एक अख्खी वस्ती असते. शाळाशाळांतले ड्रॉइंगचे मास्तर, नाटकाचे पडदे रंगवणारे, दुकानांच्या पाट्या लिहिणारे, लग्नात बसल्या जागी चेहरा काढून देणारे. या वस्तीवर एकत्र, सलग असं कुठेच काही नाही. मिळून लिहिण्याची ताकद इथे उपयोगी पडते, कारण मुंबईतला कागद मुंबईतल्या माणसानं बघावा, धारवाडचा धारवाडच्यानं, आणि शहापूरच्या भिंतीवरचं चित्र आपण.

मिळून लिहिणं म्हणजे काय

मिळून लिहिणं मराठीला नवं नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, ते एकट्याच्या हातानं थोडेच? वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, त्यात त्या त्या विषयाच्या जाणकारांनी नोंदी लिहिल्या. तिथली पद्धत अशी की आधी लेखक निवडायचा, मग संपादकानं तपासायचं, मग छापायचं. चूक सापडली तर पुढच्या आवृत्तीची वाट बघायची.

विकिपीडियानं हा क्रम उलटा केला. २००१ मध्ये तो इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, आणि कन्नडही त्याच वर्षी. इथे आधी प्रकाशित होतं, तपासणी मागून येते, आणि ती कधीच संपत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा मी लिहिलं, "अमुक हे बेळगावचे थोर चित्रकार होते, त्यांचं पहिलं प्रदर्शन १९५२ मध्ये झालं." तासाभरानं कुणीतरी 'थोर' काढून टाकतो, कारण थोर ठरवणं हे ज्ञानकोशाचं काम नाही, तुम्ही घटना सांगा, वाचणारा ठरवील. दुसऱ्या दिवशी तिसरा कुणी सालापुढे खूण करून ठेवतो: संदर्भ हवा. आठवड्यानं चौथ्याला जुनं कात्रण सापडतं, त्यात साल १९५४ आहे, तो बदल करतो आणि कात्रणाचा तपशील खाली देतो.

आता महत्त्वाचं. हे सगळे बदल पुसले जात नाहीत. प्रत्येक पानाला 'इतिहास' नावाची एक चावी असते. ती दाबली की कुणी, कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठला शब्द काढला आणि कुठला घातला ते ओळीनं दिसतं. कुणी वाटोळं केलं असेल तर जुनी आवृत्ती एका क्षणात परत आणता येते. शेजारी 'चर्चा' नावाचं दुसरं पान असतं, तिथे मतभेद मांडायचे. छापील ग्रंथात संपादकाच्या खोलीत झालेलं भांडण वाचकाला कधी कळत नाही. इथे ते दारावर टांगलेलं असतं.

त्यामुळे भरवसा कशावर ठेवायचा याचं उत्तर बदलतं. छापील कोशात भरवसा नावावर असतो: शास्त्रीबुवांनी तपासलंय ना, मग बरोबरच असणार. इथे लिहिणाऱ्याला कुणी ओळखत नाही, म्हणून भरवसा मागोव्यावर ठेवायचा. वाक्याखाली संदर्भ आहे का? तो संदर्भ खरंच तेच सांगतो का? पानाच्या इतिहासात हे वाक्य कधी आणि कशामुळे आलं? माझी आठवीतली मुलं हे पाच मिनिटांत शिकतात. संदर्भ नसलेलं वाक्य आम्ही शाळेत 'पाया नसलेली भिंत' म्हणून वाचतो: कदाचित उभी राहील, पण टेकायचं नाही.

हा एकच नमुना आहे असं मात्र नाही. बेथ हॅरिस आणि स्टीव्हन झुकर या दोघा कलाइतिहासकारांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या स्मार्टहिस्ट्रीवर शेकडो अभ्यासक आपापल्या नावानिशी लिहितात, आणि लेख संपादकांच्या हाताखालून जातो. हाँगकाँगचं एशिया आर्ट आर्काइव्ह २००० पासून वेगळंच काम करतं. तिथे लेखांपेक्षा कच्च्या मालाला मान आहे: पत्रं, निमंत्रणपत्रिका, स्टुडिओतले फोटो, प्रदर्शनांच्या पुस्तिका. बडोद्याच्या चित्रकारांचे असे संग्रह त्यांनी स्कॅन करून खुले केलेत, त्यात ज्योती भट्ट यांचे कागद आणि फोटो आहेत. मला व्यक्तिशः या दुसऱ्या प्रकारचं काम आपल्याकडे जास्त निकडीचं वाटतं. लेख उद्याही लिहिता येईल, पण ट्रंकेतल्या निमंत्रणपत्रिकेला या पावसाळ्यात कसर लागली तर ती गेली.

समकालीन म्हटलं की घोळ वाढतो

आजच्या कलेचा इतिहास लिहिणं सोपं वाटतं. माणसं हयात आहेत, फोन करून विचारता येतं. प्रत्यक्षात ते जुन्यापेक्षा अवघड आहे, आणि त्याचं मुख्य कारण असं की आजची कला पुष्कळदा वस्तू म्हणून मागे उरतच नाही.

तैलचित्र भिंतीवर टांगलेलं असतं. पण एखाद्या कलाकारानं खोलीभर मातीची गाडगी मांडली, त्यांतून पाण्याचा आवाज सोडला, महिन्यानं सगळं आवरलं, तर मागे काय राहतं? या मांडणशिल्पाची आठवण आणि फोटो. २०१२ मध्ये कोचीला मुझिरिस बिएनाले हे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन सुरू झालं तेव्हापासून अशा कामांची भारतात मोठ्या प्रमाणावर चर्चा होऊ लागली. एखादा कलाकार स्वतःच्या शरीराचं माध्यम करतो, तासभर काही करतो, आणि ते संपतं. अशा कलेच्या बाबतीत नोंद हाच कलाकृतीचा उरलेला देह असतो. फोटो कुणी काढला, कुठून काढला, किती वेळानं काढला, हे सगळं इतिहासाचा भाग होतं.

हे दूरचं वाटत असेल तर आपल्या शिवजयंतीचे चित्ररथ आठवा. बेळगावच्या माणसाला चित्ररथ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गल्लीगल्लीची मंडळं ट्रॉलीवर शिवचरित्रातला एखादा प्रसंग उभा करतात. किल्ल्याचा तट, दरवाजा, उजेडाची योजना आणि त्यात खरीखुरी माणसं, वेशभूषा करून, संवाद म्हणत. मिरवणूक रात्रभर चालते, रस्त्याच्या दुतर्फा बायकापोरं बसलेली असतात. एका चित्ररथामागे सुतार असतो, वेल्डर असतो, पडदा रंगवणारा असतो, थर्माकोल कापणारी पोरं असतात, रात्र रात्र जागून दाढीमिशा चिकटवणारे असतात. महिनाभराचं काम सकाळी मोडून लाकूड परत दुकानात जातं.

कलेच्या अभ्यासकाच्या भाषेत बोलायचं तर हे मांडणशिल्पही आहे, नाट्यही आहे आणि सामूहिक कलाही आहे. माझ्या मते आपल्या भागातली सगळ्यात जिवंत समकालीन कला हीच. आणि हिची नोंद? मोबाइलमधले हजारो व्हिडिओ, त्यांच्यावर ना साल, ना गल्ली, ना पडदा रंगवणाऱ्याचं नाव. फोन बदलला की तेही जातात. कुठल्या मंडळानं कुठल्या वर्षी कुठला प्रसंग केला, एवढी साधी यादी जरी पाचसहा गल्ल्यांतल्या पोरांनी मिळून ठेवली, तरी तट रंगवायची पद्धत पुठ्ठ्यापासून फायबरपर्यंत कशी बदलत गेली हे पुढच्याला वाचता येईल.

खानापूरच्या मातीचंही तसंच. तिथली कुंभारकाम करणारी घरं आणि खादी ग्रामोद्योगाची केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्था सगळ्यांना ठाऊक. पण तिथला रांजण 'हस्तकला' या खान्यात पडतो आणि त्याच मातीचा गॅलरीत ठेवलेला घट 'समकालीन कला' होतो. फरक बराचसा सहीचा आणि नोंदीचा आहे. एकावर नाव आहे, दुसऱ्यावर नाही.

आठवण आणि पुरावा

मिळून लिहायला येणाऱ्या नव्या माणसाला पहिला धक्का इथे बसतो. एका होतकरू मुलीनं आपल्या आजोबांवर, म्हणजे गावातल्या एका नामांकित ड्रॉइंग मास्तरांवर, मनापासून पान लिहिलं. आठ दिवसांत ते काढून टाकलं गेलं. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली: "माझे आजोबा खोटे होते काय मॅडम?"

खोटे नव्हते. पण विकिपीडियाचा नियम असा, की एखाद्या माणसावर स्वतंत्र लेख हवा असेल तर त्याच्याशी नातं किंवा देणंघेणं नसलेल्या, भरवशाच्या प्रकाशनांनी त्याच्याविषयी नीट, विस्तारानं लिहिलेलं असलं पाहिजे. याला तिथे उल्लेखनीयता म्हणतात. शब्द टोचतो, पण ते माणसाचं मोजमाप नाही. त्याच्याविषयी तपासण्याजोगं किती छापलं गेलंय याचं आहे. प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका चालत नाही, ती स्वतःच छापलेली असते. "आज सायंकाळी उद्घाटन" ही दोन ओळींची बातमी फारशी उपयोगाची नाही. चित्रांवर चार परिच्छेदांचं परीक्षण असेल तर ते सोनं.

नात्यातल्या माणसानं लिहू नये असंही तिथे सांगतात, आणि ते मला पटतं. आपण आपल्या माणसाविषयी लिहितो तेव्हा कुठलं विशेषण कुठे शिरलं ते आपल्यालाच दिसत नाही. नातीनं कात्रणं जमवावीत, फोटो द्यावेत, चर्चापानावर मांडावं; लिहावं दुसऱ्यानं.

पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी: संदर्भ इंटरनेटवरच असला पाहिजे असं नाही, आणि इंग्रजीतच असला पाहिजे असं तर मुळीच नाही. इंग्रजी विकिपीडियावरसुद्धा मराठी किंवा कन्नड छापील वर्तमानपत्राचा संदर्भ चालतो. नाव, तारीख, पान, लेखाचं शीर्षक एवढं नेमकं द्यायचं, म्हणजे दुसरा कुणी जाऊन बघू शकेल. बाबूराव ठाकूरांनी १९१९ मध्ये सुरू केलेला 'तरुण भारत' आपल्या गावचा. सार्वजनिक वाचनालय तर १८४८ पासूनचं. ज्या गावाला इतकं जुनं वाचनालय आणि शतकभराचं दैनिक आहे, त्या गावाला पुराव्यांची वाण नाही. उणीव आहे ती बसून पानं चाळणाऱ्यांची.

मी हे काम हुक्केरीच्या एका शिक्षकाबरोबर करते. ते कन्नड वाचतात, मी मराठी. एका चित्रकाराचं मराठी कात्रण सांगत होतं की ते एका वर्षी "परगावी" गेले; कुठे ते नाही. कन्नड कात्रणात त्याच वर्षी त्यांच्या प्रदर्शनाचं गाव मिळालं. दोन भाषा येणाऱ्या भागात राहण्याचा असा फायदा पुण्यातल्या किंवा बेंगळुरूतल्या अभ्यासकाला सहजी मिळत नाही.

मग ज्या आठवणी कुठेच छापल्या नाहीत त्यांचं काय? त्या टाकून द्यायच्या नाहीत, फक्त त्यांची जागा वेगळी. म्हाताऱ्या मास्तरांसमोर फोन ठेवून ध्वनिमुद्रण करावं, सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं बोलावीत, शेवटी हे जपायला आणि इतरांना ऐकवायला परवानगी आहे का ते विचारून त्यांच्याच तोंडून 'हो' घ्यावं. ही नोंद एखाद्या संग्रहालयात किंवा आर्काइव्हमध्ये ठेवता येते. उद्या एखाद्या अभ्यासकानं तिच्यावर लेख छापला, की तोच लेख ज्ञानकोशाला संदर्भ म्हणून चालतो. आठवण अशी एक पायरी चढून पुरावा होते.

भिंत आपली, चित्र कुणाचं?

आता सगळ्यात जास्त चुका होतात तो भाग. घरातल्या चित्राचा फोटो काढला आणि इंटरनेटवर टाकला, एवढं सोपं ते नाही. चित्र ही वस्तू आणि चित्राचा कॉपीराइट या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. चित्र विकत घेतलं म्हणजे त्याची प्रत काढून छापायचा हक्क मिळाला असं होत नाही. तो हक्क सहसा चित्रकाराकडे, त्याच्यामागे वारसांकडे राहतो.

आपल्याकडे व्यक्तिचित्रांची चाल मोठी, म्हणून एक बारकावा सांगते. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन, सांगून काढून घेतलेल्या चित्राचा किंवा फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे आजोबांनी पैसे मोजून स्वतःचं चित्र काढून घेतलं असेल, तर हक्क आजोबांचा, आज त्यांच्या सगळ्या वारसांचा मिळून. चित्रकारानं प्रेमानं काढून दिलं असेल तर हक्क चित्रकाराकडे. आता सांगा, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पैसे दिले होते की जेवण घातलं होतं, हे कोण सांगणार?

मुदतीचा हिशेब मात्र दोन्हीकडे चित्रकाराच्या मृत्यूपासूनच. ज्या वर्षी तो गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. कोल्हापूरचे आबालाल रहिमान १९३१ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क केव्हाच संपला, ती सगळ्यांची झाली. रवी परांजपे २०२२ मध्ये गेले, त्यांची चित्रं २०८३ च्या १ जानेवारीला मोकळी होतील. आणि मावशीच्या माजघरातलं चित्र? चित्रकाराचं नाव नाही, म्हणून मृत्यूचं साल नाही, म्हणून मुदत मोजता येत नाही. चित्राच्या पाठीवरचा कोरेपणा असा थेट कायद्यापर्यंत पोचतो.

विकिपीडियाची चित्रं जिथे साठवतात त्या विकिमीडिया कॉमन्सचा नियम कडक आहे. फक्त मोकळी चित्रं, किंवा हक्कधारकानं लेखी खुला परवाना दिलेली, आणि ती मूळ देशात आणि अमेरिकेत दोन्हीकडे मोकळी हवीत. 'शैक्षणिक कामासाठी' ही सबब तिथे चालत नाही. खुल्या परवान्याचा अर्थ हयात चित्रकाराला नीट समजावून सांगावा लागतो, आणि मी तो कधीच गुळगुळीत करून सांगत नाही: "सर, परवाना दिलात की तुमचं नाव देऊन कुणीही हे चित्र छापू शकतो, कॅलेंडरवरसुद्धा, विकायलासुद्धा. दिलेला परवाना मागे घेता येत नाही." ऐकून काही जण नको म्हणतात. त्यांचा नकार मानायचा. मग त्यांचा स्टुडिओत काम करतानाचा फोटो मी स्वतः काढते आणि तो परवान्यासह देते. फोटोचा हक्क माझा असतो.

सार्वजनिक जागी कायमचा उभा असलेला पुतळा वेगळा. त्याचा फोटो काढून प्रसिद्ध करायला कायद्याच्या कलम ५२ नं मोकळीक दिली आहे. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला ही मोकळीक नाही. दहा दिवसांच्या गणेशमूर्तीचं आणि चित्ररथाचं काय? ती कायमची नसतात, म्हणून मूर्तिकाराला आणि मंडळाला विचारणं योग्य. विचारायला गेलं की बहुतेक वेळा हो म्हणतात, वर चहाही होतो आणि मूर्तिकाराचं पूर्ण नाव वहीत येतं.

चित्रकाराचं नाव लावणं ही मेहरबानी नाही हेही लक्षात असू द्या. कॉपीराइट विकून टाकला तरी आपली कृती आपल्या नावानं ओळखली जाण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे चित्रकाराकडेच राहतो.

नावांचा गुंता

शेवटी एका साधनाबद्दल, जे दुभाषी भागासाठीच बनवल्यासारखं वाटतं. विकिडेटा २०१२ मध्ये सुरू झाला. तिथे लेख नसतात, फक्त नोंदी असतात. प्रत्येक माणसाला, गावाला, चित्राला एक क्रमांक. क्यू हे अक्षर आणि पुढे आकडा. 'माणूस' या कल्पनेचा क्रमांक क्यू-५ आहे. एका क्रमांकाला कितीही भाषांतली कितीही नावं जोडता येतात.

आता आपल्या गावाचंच बघा. बेळगाव, बेळगांव, २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी, इंग्रजीत आणखी दोन स्पेलिंगं. साध्या शोधात ही पाच वेगळी गावं होतात. विकिडेटात सगळी एकाच क्रमांकाखाली. कुठलं नाव वर, कुठलं खाली, यावर भांडायची गरज पडत नाही. मराठीत शोधणाऱ्याला मराठी दिसतं, कन्नडमध्ये शोधणाऱ्याला कन्नड. चित्रकारांचंही तेच. कुणी आद्याक्षरांनी सही करतो, कुणी गावाच्या आडनावानं, कन्नड बातमीत उच्चारच वेगळा येतो.

बायकांच्या बाबतीत तर हा गुंता इतिहासच गिळून टाकतो. माहेरच्या नावानं परीक्षेत बक्षीस मिळवलेली मुलगी लग्नानंतर दुसऱ्या नावानं, कधी बदललेल्या पहिल्या नावानंही, रांगोळी-प्रदर्शनात दिसते. दोन्ही एकच हे कुणाला कळत नाही. २०११ च्या एका पाहणीत विकिपीडियावर लिहिणाऱ्यांत बायका दहा टक्क्यांहून कमी निघाल्या होत्या. त्यातूनच २०१४ मध्ये अमेरिकेत 'आर्ट अँड फेमिनिझम' ही मोहीम सुरू झाली. एका जागी जमायचं आणि दिवसभर स्त्री-कलाकारांवरची पानं लिहायची, दुरुस्त करायची. आम्ही चौघी-पाचजणी सुट्टीत माझ्या घरी असं बसतो. एकीकडे माहेरच्या नावांची वही असते. मागच्या वेळी त्या वहीमुळे दोन चित्रकर्ती एकच निघाल्या, आणि त्यांच्या कामाची वीस वर्षं जोडली गेली.

मावशीच्या चित्राचं काम अजून चालू आहे. तिरप्या उजेडात फोटो काढल्यावर सहीतली वेलांटी स्पष्ट झाली. ड्रॉइंगच्या सरांचं आडनाव तिच्याशी जुळत नाही, पण ते कधीकधी पहिल्या नावानं सही करत असं मामा म्हणतात. फ्रेमवाल्याच्या चिठ्ठीवर खडेबाजारचा पत्ता आहे आणि फोन नंबर तीन आकडी. गावात तीन आकडी नंबर केव्हापर्यंत होते ते कळलं, की फ्रेम त्याआधीची ठरेल. तोवर कॅनव्हासला धक्का न लावता, मागच्या लाकडी पट्टीला दोऱ्यानं एक कार्ड बांधून ठेवलंय. पेन्सिलीनं लिहिलंय, कारण शाई उतरते:

"आजोबा, वय अंदाजे साठ. चित्रकार नक्की नाही. मावशी: ड्रॉइंगचे सर. मामा: सरांचा विद्यार्थी. शेजारच्या काकू: कोल्हापूरचा पाहुणा. सहीत पहिल्या अक्षराला वेलांटी. फ्रेम खडेबाजार, फोन तीन आकडी. पुढचं ज्याला सापडेल त्यानं खाली लिहावं, तारीख घालून."

खाली अर्धं कार्ड कोरं ठेवलंय.